आठ फुटांची पट्टी

गेले दोन महिने आमच्या घरात एकाच विषयावर चर्चा चालू होती, आणि तो विषय वाङ्मयीन नव्हता. घरातला ध्वनिसंच (ज्याला आपण सगळेच नुसती 'सिस्टीम' म्हणतो) बदलावा की आहे तोच ठेवावा, एवढाच तो प्रश्न. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा असा हा प्रश्न वरकरणी दिसत नाही. तरीही तो येथे मांडत आहोत, कारण या चर्चेत 'मूळ', 'अस्सल', 'जसेच्या तसे' हे शब्द इतक्या वेळा आले की आपण दुकानात आहोत की पाठचिकित्सेच्या तासाला बसलो आहोत, असा संभ्रम आम्हांला पडू लागला.

आधी परिस्थिती सांगितली पाहिजे. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात गाणे ऐकण्याची म्हणून जी खोली आहे ती आठ फूट रुंद आणि साडेअकरा फूट लांब आहे. त्यात आईची कॉट, पुस्तकांची दोन कपाटे, तबकड्यांचा एक घडवंचीवजा रॅक आणि पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला संच आहे : एक ॲम्प्लिफायर, तबकडी वाजवण्याचे यंत्र, सीडीचे यंत्र आणि दोन लहान स्पीकर. आईने नुकतीच ऐंशी वर्षे पूर्ण केली. संच बदलण्याचा विषय निघाला तो तिच्यामुळे. संध्याकाळी गाणे लावले की ती काही दिवस एकच वाक्य बोलू लागली होती : "ऐकू येतंय रे, पण शब्द कळत नाहीत." आवाज वाढवला की ती म्हणे, "आता गडबड जास्त झाली."

यावर पहिला उपाय जो कोणालाही सुचेल तोच आम्हांला सुचला. आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. तेथील ऐकण्याचे दालन आमच्या सबंध घराएवढे होते. जाताना आम्ही आमचीच एक सीडी नेली होती, आणि खोटे कशाला बोला, तेथे ती ऐकताना अंगावर काटा आला. तंबोऱ्याच्या जव्हारीचा एकेक पदर सुटा होत होता. सुचवलेले स्पीकर जमिनीवर उभे राहणारे, सव्वातीन फूट उंचीचे होते, आणि ते मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवावे लागणार होते. म्हणजे एक कपाट काढावे लागणार. कवितेचे कपाट काढावे की समीक्षेचे, यावर घरात मतभेद झाले नाहीत, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे.

परंतु कपाट काढण्यापूर्वी आम्ही थांबलो. 'हाय-फाय' या शब्दातला दुसरा तुकडा निष्ठेचा आहे. मुळाशी निष्ठा, तीही उच्च प्रतीची. ही निष्ठा नेमकी कोणत्या मुळाशी ठेवायची?

पुण्याच्या माणसाने हा प्रश्न विचारताना भांडारकर संस्थेची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली संपले. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ साली या कामाची सूत्रे हाती घेतली. आपण सिद्ध करीत असलेली संहिता ही व्यासांच्या हातची संहिता नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता जाता जेथपर्यंत पोहोचता येते ते सर्वांत जुने रूप आहे, एवढाच त्यांचा दावा होता. त्या दाव्यातला संयम ध्वनिसंचाच्या जाहिरातींत औषधालाही सापडत नाही. तेथे सरळ सांगितले जाते की गायक तुमच्या खोलीत येऊन गाईल.

गायक आमच्या खोलीत आला तर तो बसेल कोठे, हा प्रश्न सोडून देऊ. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी घ्या. १९०५च्या सुमाराची त्यांची मुद्रणे भोंग्यात गाऊन झालेली आहेत. विद्युत ध्वनिमुद्रण आले ते १९२५ नंतर. त्यापूर्वीच्या भोंग्याला वरच्या बाजूला साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचे फारसे पकडता येत नसे आणि खालच्या बाजूला तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या आवाक्याबाहेरच होता. तेव्हा अशा तबकडीतून महागड्या स्पीकरला खालच्या पट्टीत जे सापडेल ते खाँसाहेबांचे नसून बहुतांशी तबकडी फिरवणाऱ्या यंत्राच्या घरघरीचे असेल. शिवाय त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनीच कोरल्या जात असेही नव्हते. पंचाहत्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजवली तर पेटीवरच्या दोन लगतच्या स्वरांमध्ये जेवढे अंतर असते, त्याच्या दोन-तृतीयांशाने आवाज चढतो. गायकाची पट्टी बदलते, लय बदलते, क्वचित वयही बदलल्यासारखे वाटते. हा पाठभेद कोणताही ॲम्प्लिफायर दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी कान लागतो आणि तबकडीच्या इतिहासाची माहिती लागते.

ही जुनी गोष्ट झाली, अलीकडच्या मुद्रणांचे काय, असे कोणी म्हणेल. तर मग भीमसेन जोशींचे घ्या. पुण्यातल्या हजारो श्रोत्यांच्या मनात भीमसेनांचा जो आवाज आहे तो कोठे ऐकलेला आहे? १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात, रमणबागेत, भारतीय बैठकीवर, शाल गुंडाळून, मंचापासून शंभर-दीडशे फुटांवर. म्हणजे कर्ण्यांतून आणि ध्वनिक्षेपकांतून. (२०१८पासून महोत्सव मुकुंदनगरला गेला, पण ध्वनिक्षेपक तेही तेच काम करतात.) या श्रोत्यांपुरते 'मूळ' हे मुळातच स्पीकरमधून आलेले आहे. त्यात बटाटेवड्याचा वास आणि शेजाऱ्याची दाद मिसळलेली आहे. घरातल्या संचाने निष्ठा राखायची ती याच्याशी की ध्वनिमुद्रकाच्या बंदिस्त खोलीतल्या, दोन मायक्रोफोनांनी ऐकलेल्या, एकाही माणसाने प्रत्यक्ष त्या जागी बसून न ऐकलेल्या आवाजाशी? आमचे मत असे की हा निर्णय झाल्याखेरीज 'अधिक अस्सल' या शब्दप्रयोगाला अर्थ नाही.

याचा अर्थ जुने तेच सोने, असा कोणी काढू नये. तबकडीची खरखर हीच खरी अभिजातता असे मानणारा एक वर्ग आपल्या शहरात आहे. त्याचे आणि आमचे जमत नाही. खरखर ही धूळ आहे किंवा झीज आहे. हस्तलिखिताला लागलेली कसर जशी ग्रंथकाराची शैली नव्हे, तशी खरखर ही गायकाची शैली नव्हे. झिजलेली सुई तर तबकडीची खाच कुरतडत जाते, म्हणजे प्रत्येक वाचनागणिक पोथीचे एक अक्षर पुसते. तेथे खर्च न करणे हा काटकसरीचा गुण नसून गुन्हा आहे. आम्ही सुई लगेच बदलली.

आता खोलीकडे येऊ, कारण खरा घोटाळा तेथे होता.

समोरासमोरच्या दोन समांतर भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटत राहतो आणि ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी भिंतींमधल्या अंतराएवढी असते तो स्वर तेथे घुमू लागतो. गणित शाळेतले आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. दुप्पट करून भागले की ७० हर्ट्झ येतात. हा आकडा कागदावर आला तेव्हा आम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषगायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ आणि थोडे वर. आमची खोली जवळजवळ काळी एकमध्ये लागलेली आहे! पुरुषगायकांच्या कितीतरी तबकड्यांत पाचवा तंबोरा आमच्या भिंतीच वाजवीत होत्या, आणि आम्ही त्याचे श्रेय पंचवीस वर्षे तंबोऱ्याला देत होतो.

आईच्या तक्रारीचा उलगडाही येथेच झाला. वयोमानाने कान उतरतो तो प्रथम वरच्या स्वरांना. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजने जेथे राहतात तो मजला आधी रिकामा होतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने हरवतात. आणि खालच्या स्वरांचा घुमारा वाढला की तो वरच्या क्षीण आवाजांना झाकून टाकतो. बंदिशीचे शब्द आधीच धूसर, त्यांच्यावर खोली आपला खर्ज पसरवीत होती. त्यात आईची खुर्ची भिंतीला टेकून असे, आणि हा घुमारा भिंतीशीच सर्वांत जोरकस असतो. तेथे सव्वातीन फुटी स्पीकर आणून ठेवणे म्हणजे शब्द कळत नाहीत म्हणणाऱ्या माणसासमोर अधिक मोठ्याने ओरडणे होते. विक्रेत्याच्या दालनातला तो काटा खराच होता. त्यात त्या दालनाचा वाटा किती, हे मात्र आम्हांला तेथे उमगले नव्हते.

मग आम्ही जे केले ते सांगायला संकोच वाटावा इतके क्षुल्लक आहे. स्पीकर कोपऱ्यांतून काढून थोडे पुढे आणि आत घेतले. त्यांना कानाच्या उंचीवर आणण्यासाठी मराठी विश्वकोशाचे खंड खाली घातले (तर्कतीर्थ क्षमा करोत). आईची खुर्ची भिंतीपासून हलवून रुंदीच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंनी चार-चार फूट सोडून, स्पीकरपासून पाच फुटांवर ठेवली. दोन भिंतींच्या मधोमध तो सत्तर हर्ट्झचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. पुस्तकांची कपाटे पाठीमागे तशीच राहू दिली, कारण कमीजास्त उंचीच्या पुस्तकांवर आदळून वरचे आवाज विखुरतात. समीक्षेचा असाही उपयोग असतो.

त्या संध्याकाळी सुधीर फडके लावले. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले तेव्हा आई दहा वर्षांची होती. वर्षभर, दर आठवड्याला, शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका रेडिओभोवती वीस माणसे बसत, असे ती सांगते. एकच स्पीकर, तोही वीतभर. तिच्या निष्ठेचे मूळ ते आहे. पहिले गाणे संपेपर्यंत ती काही बोलली नाही. दुसऱ्या गाण्यात तिने शब्द गायकाच्या अर्धा क्षण आधी पुटपुटायला सुरुवात केली. आता तिला शब्द ऐकू येत होते की आठवत होते, हे आम्हांला ठरवता आले नाही. म्हणून नंतर तिने पूर्वी न ऐकलेली एक बंदिश लावली आणि शब्द विचारले. चार ओळींपैकी तीन तिने सांगितल्या. चौथीत चुकली, पण तेथे आमचेही एकमत नव्हते.

हेडफोन का नाही, असे एका तरुण मित्राने विचारले. शास्त्रतः त्याचे म्हणणे बिनतोड आहे. हेडफोनला भिंती नसतात, आणि जागा तर मुळीच लागत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तिलाही आता भिंती नाहीत. पण हवाही नाही, आणि 'क्या बात है' म्हणणारे कोणी नाही. आईच्या कानात श्रवणयंत्र आहे, त्यावर हेडफोन नीट बसत नाही, ही एक अडचण. दुसरी अशी की समेवर तिचा हात उठतो तेव्हा ती आमच्याकडे पाहते. तेव्हा आमच्याही कानांत तेच असले पाहिजे.

मोठ्या संचाविरुद्ध आमचे तात्त्विक वैर नाही. ज्याच्याकडे वीस फुटांची खोली आहे आणि ज्याला पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायचे आहेत त्याने जरूर घ्यावा. पण पेठांतल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत पाऊणशे वॅट कोणासाठी मागवायचे? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल नेमून दिले आहेत. भाद्रपदात याच गल्लीच्या तोंडाशी स्पीकरची भिंत उभी राहते तेव्हा हे आकडे कोठे जातात ते आम्ही दरवर्षी पाहतो. त्या दहा दिवसांत आमची खोली काळी एकमध्येच काय, कोणत्याच पट्टीत राहत नाही.

तर संच बदलायचा नाही, असे ठरले. निदान यंदा नाही. ॲम्प्लिफायरची उजवी बाजू अधूनमधून खरखरते, तिचे काय करायचे ते पाहावे लागेल, आणि तबकडीच्या यंत्राचा पट्टा सैल झाला आहे. आणखी एक अडचण राहिली आहे, ती खर्चाची नाही. खोलीच्या मध्यावर ठेवलेली खुर्ची कॉटवरून न्हाणीघराकडे जायच्या बरोबर वाटेत येते, आणि आई रात्री दोनदा उठते. म्हणून रोज सहा वाजता खुर्ची मध्यावर आणायची आणि आठ वाजता पुन्हा भिंतीशी लावायची. जमिनीवर खडूने चार खुणा केल्या आहेत. फरशी पुसताना त्या जातात, मग आम्ही पुन्हा पट्टी घेऊन बसतो.