घरबसल्या दिवाणजी

‘घरबसल्या कमवा! मोबाइल असला की पुरे!’ अशी जाहिरात तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. बहुतेक वेळा आपण ती पुसून टाकतो, आणि ते बरंच. पण हल्ली घरबसल्या कामाचा एक खराखुरा प्रकार गावोगावी पोचलाय. त्याला भारदस्त नाव आहे, व्हर्च्युअल असिस्टंट. म्हणजे दूर बसून दुसऱ्याची कारकुनी सांभाळणारी. कुणी पुण्याच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेते, कुणी परदेशातल्या साहेबाचे मेल बघते. ‘व्हर्च्युअल’चा अर्थ शब्दकोशात ‘आभासी’ असा दिलाय. काम काही आभासी नसतं हो, पैसे मात्र कधी कधी असतात!

मला मात्र साहेबाच्या मेलपेक्षा वाशीच्या एपीएमसी मार्केटबद्दल बोलायचंय, कारण तिथला माल तुमच्याच गावाहून जातो. मुंबईतली गर्दी कमी व्हावी म्हणून मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा इथला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलवला. भाजीपाला आणि फळं आली १९९६ साली. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणाबंदर असे पाच बाजार तिथे आहेत. जुन्नर-नाशिककडच्या भाजीच्या गाड्या रात्री लागतात आणि उजाडायच्या आत बराचसा माल विकलाही जातो. मग शेतकऱ्याला पट्टी जाते. किती नग, किती वजन, काय भाव, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती किती. ही पट्टी पूर्वी गाळ्यातला दिवाणजी लिहायचा. नाकावर चष्मा, कानावर पेन, समोर लांबलचक वही.

२०१७ साली जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, आणि वहीचं काम कॉम्प्युटरवर गेलं. कोरोनात, मे २०२० मध्ये, हा बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला होता. गाळ्यात माणसं कमी ठेवायची आणि लिखापढी बाहेरून करून घ्यायची, ही सवय त्या काळात अनेक धंद्यांना लागली. चिठ्ठीचा फोटो काढायचा, पाठवायचा, दुसरीकडे बसून कुणीतरी टॅलीत भरायचा. हे ‘कुणीतरी’ म्हणजे पुष्कळदा बी.कॉम. झालेली, टॅलीचा कोर्स केलेली, लग्नानंतर घरी बसलेली बाई.

माझ्या ओळखीच्या एक बाई तालुक्याच्या गावी राहून भाजीपाला मार्केटातल्या तीन गाळ्यांचं लिखाण करतात. पहाटे चारपासून चिठ्ठ्यांचे फोटो येऊ लागतात. घाईत खरडलेलं अक्षर, त्यावर पाण्याचे डाग. ४१ गोणी आहेत की ४९? आपला मराठी एक आणि नऊ घाईत सारखेच दिसतात. आठ गोण्यांचा फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचं गाडीभाडं निघायचं की नाही, एवढा फरक. म्हणून त्या फोन करून खात्री करून घेतात. आणि गाळेवाला वैतागतो, ‘ताई, फोटो बघून टाइप तर करायचंय, एवढं काय त्यात?’

घरातही तेच. ‘दिवसभर घरीच तर असतेस.’ पहाटे चारला उठणाऱ्या बाईने सहाचा डबाही करायचा, कारण ती ‘कामाला जात’ नाही. पगार ठोक ठरलेला. आंब्याच्या हंगामात पट्ट्या दुप्पट झाल्या तरी रक्कम तीच. एका गाळ्याने दोन महिने पैसे अडकवले, तर जायचं कुणाकडे? नेमणुकीचा कागद नाही, हजेरी नाही. तीन मालक आहेत, आणि विचारलं तर तिघंही म्हणणार, ‘आमच्याकडे कामाला नाहीत त्या, असंच मदत करतात.’

मैत्रिणींनो, हे वाक्य या बाजाराने पूर्वीही ऐकलंय, हमालांच्या बाबतीत! सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. मग मालक कोण? कुणीच नाही. म्हातारपणी काय? काहीच नाही. अण्णासाहेब पाटलांच्या मागे हे कामगार उभे राहिले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. मालक पाच असोत की पंचवीस, कामगाराची नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्यानेही मंडळाकडेच नोंदवायचं, मजुरी तिथेच भरायची आणि वर ठराविक लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. डोक्यावर पाटी घेणाऱ्या माणसाला हक्काची सावली मिळाली ती अशी.

मग त्याच गोणीची नोंद करणारीला का नको? ‘ती घरात बसून करते’ हे उत्तर चालणार नाही. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना फंड मिळाला तो घरबसल्याच. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये. मालकासाठी घरून वस्तू किंवा सेवा देऊन मोबदला घेणारी व्यक्ती, अशी घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या तिच्यात आहे. पट्टी टाइप करणं ही सेवा नाही तर काय? व्याख्या झाली म्हणून फंड सुरू होत नाही, हेही खरं. त्यासाठी योजना लागते, आणि पैसे कुणी भरायचे ते ठरावं लागतं. माथाडी मंडळाचा नमुना महाराष्ट्राच्या हाताशी पन्नासहून अधिक वर्षं आहे. बाजार समितीने परवान्याच्या कागदांत ‘तुमची लिखापढी कोण करतं, कुठून करतं?’ एवढा एक रकाना जरी घातला, तरी या बायका निदान कागदावर दिसू लागतील.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते करू या. रक्कम ठोक घेऊ नका, पट्टीमागे किंवा तासामागे घ्या, आणि बोलणं झालं की तेच व्हॉट्सअॅपवर लिहून मालकाचा होकार मागा. वेळही त्यातच लिहा. पहाटे चार ते आठ म्हणजे आठ, नंतरचे फोटो उद्या! मालकाच्या बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी आपल्याकडे ठेवू नका. ‘ताई, दोन दिवस तुमच्या खात्यावर रक्कम घेता का?’ असं कुणी कितीही गोड बोलून विचारलं तरी नाही म्हणा. पैसा भानगडीचा निघाला तर पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. काम देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारे आणि नंतर ‘टायपिंगमध्ये चुका आहेत, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू’ म्हणून धमकावणारे तर चोरच. त्यांना पैसे न देता सरळ १९३० वर फोन करा.

ई-श्रमची नोंदणी सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला करता येते, मात्र फंड किंवा ईएसआय असता कामा नये आणि प्राप्तिकर भरत नसावं. आणि दोन-चार गाळ्यांचं काम नियमित असेल, तर ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की २००६च्या कायद्यानुसार तुमचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसल्यास पंधरा दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर व्याज, आणि तक्रारीला सुविधा परिषद. नोंदणी मात्र काम सुरू करण्याआधीची हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन जवळ ठेवा. फॉर्म भरून देणाऱ्याने ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले, तर त्याच्याकडे आधी सरकारी पावती मागा.