अर्ध्या मिलिमीटरचं वेड

काल रात्री साडेअकरा वाजता मी पलंगाखाली आडवा पडलो होतो. एका हातात मोबाईलचा टॉर्च, गाल फरशीला टेकलेला आणि श्वास रोखून धरलेला. जोरात श्वास सोडला तर ते उडून जाईल ही भीती!

बायकोने दारातूनच विचारलं, "काय हरवलंय?"

"हँडल."

"कशाचं?"

"क्लॅम्पचं."

"कसला क्लॅम्प?"

"अगं, रणगाड्यावर बाहेरून फावडं अडकवलेलं असतं ना, ते धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचं."

ती दोन सेकंद गप्प राहिली. मग म्हणाली, "लावल्यावर ते दिसतं का रे?"

हँडल काही सापडलं नाही. चिमट्यातून सुटलेला पितळेचा तुकडा कधीच सापडत नसतो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. आज सकाळी चहाबरोबर तोच घेऊन बसलोय.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी प्लॅस्टिकचे रणगाडे बनवतो. दुसऱ्या महायुद्धातले, जर्मन, 1:35 मापाचे. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इथवर सगळं शहाण्यासारखं आहे. पुढचा प्रकार असा की, लोक गाडी घेतात आणि मग अलॉय व्हील, सीट कव्हर, फॉग लॅम्प असं बाहेरून बसवत सुटतात ना, तसंच या किटचंही एक आफ्टरमार्केट असतं. पितळेच्या पातळ पत्र्यातले भाग, लेथवर काढलेली ॲल्युमिनियमची तोफेची नळी, धातूचे ट्रॅक, रेझिनची चाकं, आणि आता थ्रीडी प्रिंट केलेलं काहीबाही. किट एका कंपनीचं, दागिने दहा कंपन्यांचे.

हे सगळं फालतू आहे असं मी म्हणणार नाही. त्यामागे साधं गणित आहे. 1943 पासून जर्मनांनी पँझर-4 च्या बाजूला पत्र्याचे पडदे लावले. रशियनांच्या रणगाडाभेदी रायफलींपासून बचाव म्हणून. हा पत्रा होता 5 मिमी जाडीचा. 35 ने भागा : 0.14 मिमी. साच्यात प्लॅस्टिक ओतताना अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाणं अवघड असतं. आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेसतरा मिलिमीटर. म्हणजे पत्र्याच्या जागी चक्क चिलखत! इथे 0.15 मिमीचा पितळी पत्रा लावला की माप जवळजवळ तंतोतंत जुळतं. नळीचंही तसंच. प्लॅस्टिकची नळी दोन अर्ध्या भागांत येते, जोड घासता घासता ती गोलाची अंडाकृती कधी होते ते कळत नाही. लेथवरची नळी सरळ आणि गोल. वाद संपला.

मला या पितळी भागांचं जास्त कौतुक वाटायचं कारण वेगळंच. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये पीसीबी बनवलाय त्यांच्या लक्षात येईल. तांब्याच्या बोर्डवर डिझाइन उतरवायचं, फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचं, नको तो तांबा विरघळून जातो, हवा तो राहतो (आणि शर्टावरचा पिवळा डाग आयुष्यभर राहतो). फोटो-एच म्हणजे मूळ कल्पना तीच, फक्त पत्रा पितळेचा. चार वर्षं शिकलेल्या विद्येचा मी रोजच्या कामात कधी उपयोग केला नाही, तो इथे येऊन भेटला!

तर मग तक्रार काय?

तक्रार ही की मी गेल्या दोन वर्षांत एकही रणगाडा पूर्ण केलेला नाही.

दहावीच्या सुट्टीत मामाने सिंगापूरहून एक टायगर आणून दिला होता. चार दिवसांत, घरातल्या नेलकटरने भाग कापून आणि बोटांना फेविक्विक फासून तो मी उभा केला. रंग चुकीचा, एक चाक वाकडं. पण झाला! आजही आईच्या घरी शोकेसमध्ये आहे. आज माझ्या कपाटात सहा किट आहेत, सगळी अर्धवट. प्रत्येकाच्या खोक्यात दोन-तीन डिटेल सेट. सध्या चालू आहे त्या टायगरवर तर किटच्या किमतीपेक्षा जास्त खर्च दागिन्यांवर झालाय. धातूचे ट्रॅक आहेत : एका बाजूला 96 कड्या, दोन्ही मिळून 192, प्रत्येक कडी साफ करून तारेने ओवायची. मध्यंतरी तर इंजिनाचा सेट घेणार होतो. वरून झाकण लागणार, परत कधी उघडणार नाही, तरी आत पाईप हवेत!

आपल्या धंद्यात याला नाव आहे. गोल्ड प्लेटिंग. क्लायंटने मागितलेलं नाही, कोणी वापरणार नाही, तरी डेव्हलपर तीन दिवस घालून एक सुंदर फीचर लिहितो आणि रिलीज मात्र पुढे जाते. ऑफिसात असं कोणी केलं की मी स्टँडअपमध्ये डोळे फिरवतो. घरी येऊन शनिवारी रात्री पलंगाखाली हँडल शोधतो.

गंमत म्हणजे ज्याची प्रतिकृती करतोय तो टायगर स्वतःच गोल्ड प्लेटिंगचा नमुना होता. 57 टनांचा अवाढव्य प्रकार. प्रत्येक बाजूला आठ आस, त्यांवर एकमेकांत गुंतलेली 24 चाकं. वजन छान विभागलं जायचं, पण आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची कित्येक काढा. रेल्वेने न्यायचा तर 72.5 सेंमी रुंदीचे ट्रॅक उतरवून 52 सेंमीचे चढवा, शिवाय बाहेरची चाकंही काढा. ऑगस्ट 1942 ते ऑगस्ट 1944 या दोन वर्षांत असे साधारण 1,350 बनले. समोर रशियनांचे टी-34 युद्ध संपेपर्यंत 50 हजारांहून जास्त आणि अमेरिकनांचे शर्मनही जवळपास तितकेच. शिपिंगला महत्त्व देणारी टीम जिंकली, असं अगदी सरळ नाही म्हणता येणार, पण त्या दिशेचं काहीतरी आहे खरं.

आणि झिमरिट! टायगरच्या अंगावर जी खरखरीत रेघांची लेप दिसते ती. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून 1943 मध्ये फासायला सुरुवात केली. शत्रू असले सुरुंग फारसे वापरतच नव्हता. सप्टेंबर 1944 मध्ये हा लेप पेट घेतो अशा संशयावरून काम बंद केलं, आणि चाचण्यांत तो संशयही खरा ठरला नाही. न आलेल्या संकटावरचा उपाय, न घडलेल्या कारणाने बंद. आणि मी त्या लेपाचा रेझिन सेट बाहेरून मागवून महिनाभर वाट बघतो!

बरं, हे ज्या मापाच्या अचूकतेसाठी चाललंय ते 1:35 तरी कुठून आलं? जपानच्या टामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या आणि मोटर मावेल एवढा तो मोठा केला, नंतर मोजलं तर माप साधारण 1:35 निघालं. तेच पुढे जगभर रूढ झालं. आमची सगळी अर्ध्या मिलिमीटरची भांडणं एका बॅटरीच्या आकारावर उभी आहेत :-)

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण एक गोष्ट तेवढी सोपी नाही.

दोनेक महिन्यांपूर्वी ऑफिसातला एक मित्र जेवायला आला होता. मूळचा माणगावचा. टेबलावरचा टायगर बघून म्हणाला, "कोणाचा रे हा?" मी सुरूच झालो. फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मनांनी राखाडी रंग बदलून गडद पिवळा कसा केला, चाकं कधी बदलली, इंग्लंडच्या बोव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये एक टायगर अजून चालू स्थितीत कसा आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे ह्यांच्याशी आमचे घाडगे लढले होते."

"कोण घाडगे?"

"यशवंतराव घाडगे. आमच्या माणगावात तहसील कचेरीपाशी पुतळा आहे ना त्यांचा. व्हिक्टोरिया क्रॉस."

मला माहीत नव्हतं. मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये मी आयुष्यातले कितीतरी तास काढलेत, तिथला चहा प्यायलोय, पण नव्हतं माहीत. नंतर वाचलं. 10 जुलै 1944, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. नाईक यशवंत घाडगे, वय 22. जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्याने लढले. मग लपलेल्या स्नायपरांच्या गोळ्यांनी गेले. पुढच्या वर्षी 9 एप्रिलला, इटलीतच सेनिओ नदीकाठी, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे पोचवलं, स्वतःचा हात निकामी झालेला असताना ग्रेनेडने मशीनगनचे मोर्चे गप्प केले, आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

मला खरी लाज याची वाटली की जर्मन सैन्याने रंग बदलला तो महिना मला पाठ होता, आणि हे नव्हतं. फावड्याच्या क्लॅम्पला हँडल किती मापाचं असतं ते माहीत होतं, पण ज्या क्रुपने टायगरचा टरेट डिझाइन केला त्या क्रुपचा मालक 1948 मध्ये न्यूरेंबर्गला गुलामांसारखे मजूर राबवल्याबद्दल दोषी ठरला होता, हे मी कधी बघितलंच नव्हतं. छळछावण्यांतले कैदीसुद्धा होते त्यांत. आम्ही मॉडेलवाले "अचूकता" हा शब्द फार वापरतो. माझी अचूकता नेमकी जिथे अडचणीचं सुरू होतं तिथे थांबत होती.

तुम्ही म्हणाल, छंद आहे, त्यात हे कशाला? अर्धं पटतं मला. रणगाड्याची प्रतिकृती करणारा नाझी नसतो. पितळी भाग बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांपैकी एडुआर्ड चेक आहे आणि आबेर पोलिश. ज्या देशांत 1939 मध्ये जर्मन फौजा सर्वांत आधी घुसल्या, तेच आज त्या फौजांच्या गाड्यांसाठी जगातलं उत्तम पितळ कापतात. त्यांना चालतं, तर मी उगाच सोवळं पाळण्यात अर्थ नाही. बंदी, बहिष्कार वगैरे काही मला म्हणायचं नाही.

पण डिटेलची एक नशा असते, आणि ती वस्तूकडे इतकं जवळून बघायला लावते की वस्तू काय होती ते दिसेनासं होतं. प्रत्येक नवा सेट घेताना मी स्वतःला "रिसर्च" चाललाय असं सांगायचो. तो रिसर्च नव्हता, खरेदी होती. वाचायला लागले असते दोन तास. ते न वाचता मी पितळेला दोन आठवडे दिले.

तर आता माझ्यापुरते तीन नियम केलेत. पहिला : हातभर अंतरावरून जे दिसतं तेवढंच विकत घ्यायचं. पातळ पत्रा आणि नळी, हो. झाकणाखालचं इंजिन, नाही. दुसरा : चालू किट पूर्ण झाल्याशिवाय नवा सेट नाही. तिसरा : मॉडेलखालच्या लाकडी पट्टीवर गाडीच्या नावाबरोबर ती कुठे, केव्हा, कोणाविरुद्ध वापरली तेही लिहायचं. जे पट्टीवर लिहायची लाज वाटेल ते मॉडेल करायचं नाही.

पुढचं किटही ठरलंय. टामियाची ब्रिटिश ब्रेन कॅरियर, आपल्या पलटणींकडेही असायची ती. वरची खूण हाताने रंगवावी लागेल, वेळ लागेल, लागू दे.

असो. क्लॅम्पचं हँडल जुन्या चार्जरच्या वायरमधल्या तांब्याच्या तारेचं केलं. बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावला, टायगर हातात घेऊन दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "कुठे आहे?"

मी जागा दाखवली. तिला तरी दिसलं नाही. टायगर तसाच उचलला आणि रंगवायला घेतला.