साथ येण्याआधी ठरवा

पावसाळ्यात भंडारदऱ्याला येणारे पर्यटक रंधा धबधबा आणि विल्सन धरण पाहून परततात. त्याच पावसात घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या वाड्यापाड्यांवर आशाताईंची, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य सेविकांची, पायपीट चालू असते. करोनाकाळात त्यांच्या पिशवीत ऑक्सिमीटर, थर्मल गन आणि नोंदवही आली. शहरांतून गावी परतलेल्यांची यादी करायची, घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, घाबरलेल्या रुग्णाची समजूत घालून त्याला राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे, हे सारे त्यांच्यावर पडले.

या जादा कामाचा केंद्राचा भत्ता होता महिना १००० रुपये, म्हणजे दिवसाला जेमतेम ३३ रुपये. आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका. मोबदला केलेल्या कामावर, त्यामुळे त्या स्वतः बाधित होऊन घरी बसल्या की मिळकतही थांबली. मार्च २०२० मध्ये केंद्राने ५० लाखांचे विमाकवच दिले, पण ते मृत्यूनंतरचे. आजारपणात बुडालेल्या दिवसांची भरपाई त्यात नव्हती. अखेर १५ जून २०२१ रोजी राज्यातील आशांना भर साथीत संपावर जावे लागले. तेव्हा कुठे हजाराची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला.

इंग्लंडने मे २०२० मध्ये वृद्धाश्रमांसारख्या निवासी सेवासंस्थांना संसर्ग रोखण्यासाठी ६० कोटी पौंडांचा निधी दिला. विलगीकरणात गेलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार चालू ठेवणे, हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. त्यामागचा विचार साधा आहे: पगार बुडेल या धास्तीने सेवक आजार लपवून कामावर आला, तर रोग तोच पसरवतो. आपल्याकडचे छोटे वृद्धाश्रम, तिथल्या आया आणि आशाताई यांनाही हाच न्याय लागू आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्याने आशांच्या मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ केली, हे स्वागतार्हच. पण साथीतल्या संरक्षणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढची साथ जाहीर होताच ठरलेला भत्ता दरमहा खात्यात जमा व्हावा, विलगीकरणाच्या दिवसांचा पूर्ण मोबदला मिळावा, विम्याचे दावे ठरावीक मुदतीत निकाली निघावेत आणि लहान सेवासंस्थांना पगारासाठी मदत मिळावी. करोनाला आपत्ती मानून राज्य आपत्ती निधी वापरण्याची मुभा २०२० मध्ये दिली गेली होती, म्हणजे वाट मळलेली आहे. राज्य सरकारने याचा शासन निर्णय आजच काढून ठेवावा. ऐन साथीत आशाताईंवर पुन्हा संपाची वेळ आणू नये.