अजिंक्य कोण ?

मधल्या सुटींत शाळेच्या पटांगणाच्या कडेला उभें राहून मुलांचे वाद ऐकण्याची ज्यांस संवय आहे, त्यांच्या कानीं एक युक्तिवाद हटकून पडतो. “सहावीनें पांचवीला हरविलें, आणि आम्हीं सहावीला हरविलें, मग पांचवीशीं खेळावयाची आम्हांला गरजच काय?” हा युक्तिवाद ऐकून शिक्षक हंसतात, पालक हंसतात, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही पुष्कळदां हंसलों आहों. परंतु अमेरिकेंतील मोठमोठीं विद्यापीठें, त्यांचे वयोवृद्ध पदवीधर व तेथील वर्तमानपत्रें हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या घालीत आलीं आहेत असें जेव्हां आमच्या वाचनांत आलें, तेव्हां हंसणें आवरून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो आमच्या मुलांच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातांत घेऊन धांवतात, फेंकतात, व धांवणाऱ्यास अंगावर झेंप घालून खालीं पाडतात. हा खेळ तेथें कॉलेजांतूनच वाढला, आणि मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांस आज एकेका दिवशीं लाख लाख माणसें जमतात. असें असूनही वर्षाचा अजिंक्य संघ कोणता हें मैदानावर ठरविण्याची सोय कित्येक पिढ्या नव्हती. अव्वल दर्जाचे संघच आज १३० हून अधिक आहेत, आणि प्रत्येकाच्या वांट्यास हंगामाचे नियमित सामने अवघे १२ ! कॉलेजांच्या खेळांवर देखरेख ठेवणारी जी राष्ट्रीय संस्था आहे, ती इतर खेळांचीं अजिंक्यपदें देते. परंतु या वरच्या दर्जाच्या फुटबॉलचें अजिंक्यपद तिनें स्वतः कधींच दिलेलें नाहीं. तेव्हां तें काम वर्तमानपत्रांनीं आपल्या शिरावर घेतलें. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही बातमीसंस्था क्रीडालेखकांचीं मतें घेऊन दर आठवड्यास संघांचा क्रम लावूं लागली. १९५० पासून दुसऱ्या एका बातमीसंस्थेनें प्रशिक्षकांचीं मतें घेण्यास आरंभ केला. घाम एकानें गाळावा आणि निकाल दुसऱ्यानें लिहावा, अशी ही व्यवस्था.

तिचें फळ काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १९६४ च्या हंगामांत मतें घेऊन अलाबामा विद्यापीठास अजिंक्य म्हणून जाहीर करण्यांत आलें. त्यानंतर १९६५ च्या १ जानेवारीस त्याच संघाचा टेक्सास विद्यापीठानें २१–१७ असा पराभव केला. परंतु मतें आधींच मोजून झालीं होतीं, तेव्हां पराभूत संघ अजिंक्यच राहिला! एवढ्यानें शहाणपण यावें, तर नऊ वर्षांनीं तोच प्रकार त्याच विद्यापीठाच्या बाबतींत पुन्हां घडला. १९७३ सालीं प्रशिक्षकांनीं अलाबामास अजिंक्य ठरविलें, आणि ३१ डिसेंबर रोजीं नॉटर डेम विद्यापीठानें त्यास २४–२३ असें एका गुणानें हरविलें. पुढील वर्षापासून प्रशिक्षकांचीं मतें शेवटचा सामना झाल्यावर घेण्याचें ठरलें. परीक्षेचा निकाल लावून मग उत्तरपत्रिका तपासावयास घेणारा परीक्षक आमच्या शाळेंत एक दिवसही टिकला नसता. बरें, मतदारही दोन प्रकारचे, त्यामुळें १९९०, १९९१, १९९७ आणि २००३ या वर्षीं देशांत दोन दोन अजिंक्य संघ नांदले.

२०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची एक समिति चार संघ निवडूं लागली व त्यांच्यांत सामने होऊं लागले; २०२४ पासून ही संख्या बारा झाली आहे. ही सुधारणा खरी. तथापि निवडणारा शेवटीं मनुष्यच. २०१७ च्या हंगामांत सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाहीं. परंतु समितीनें त्यास बाराव्या स्थानीं बसविलें, आणि चौघांत त्याचें नांव आलें नाहीं. १ जानेवारी २०१८ रोजीं या संघानें ऑबर्न विद्यापीठास ३४–२७ असें हरविलें. अंतिम सामन्यांत जे दोन संघ उतरले, अलाबामा व जॉर्जिया, त्या दोघांसही याच ऑबर्नने त्याच हंगामांत धूळ चारली होती. झालें ! “ज्यानें दोघांस हरविलें त्यास आम्हीं हरविलें,” असें म्हणून सेंट्रल फ्लॉरिडाच्या मंडळींनीं स्वतःस राष्ट्रीय अजिंक्य म्हणवून घेतलें आणि मिरवणूकही काढली. मधल्या सुटींतला आमच्या मुलांचा युक्तिवाद तो हाच. त्यांतील गोम अशी कीं, जॉर्जियानें पुढें दुसऱ्या सामन्यांत ऑबर्नचें उट्टें काढलें होतें. या मार्गानें गेल्यास माणूस गोल गोल फिरत पुन्हां निघाल्या जागीं येतो.

या गोंधळांतून वाट काढण्यासाठीं कांहीं हौशी लोकांनीं मुष्टियुद्धांतली एक जुनी युक्ति उसनी घेतली आहे. जॉन सलिव्हन हा जगज्जेता होता. १८९२ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें जेम्स कॉर्बेटनें त्यास लोळविलें, तेव्हां तें पद कॉर्बेटकडे गेलें. १८९७ सालीं फिट्झसिमन्सनें कॉर्बेटास पाडलें, तेव्हां तें त्याच्याकडे गेलें. जिंकणाऱ्यास जो जिंकील तो पुढचा धनी, एवढाच काय तो कायदा. फुटबॉलास तो लावावयाचा तर ज्या संघाकडे मान असेल त्यास हरविणाऱ्याकडे मान जावा. बरोबरी झाल्यास मान होता तेथेंच रहावा. आणि हंगाम संपला तरी तो संपूं नये, पुढल्या वर्षीं तेथूनच त्याची वाटचाल व्हावी. (१९९६ पासून जादा खेळाची तरतूद झाल्यामुळें कॉलेजांचे सामने आतां बरोबरींत सुटत नाहींत.) मुलांच्या युक्तिवादाहून हा कायदा शुद्ध आहे. येथें एका वेळीं मानकरी एकच, आणि प्रत्यक्ष गांठ पडल्याशिवाय मान हलत नाहीं. या अजिंक्यपदास कोणाची अधिकृत मान्यता नाहीं, त्याचा चषक नाहीं, ढाल नाहीं. तें फक्त वहींत लिहिलेलें असतें.

ही वही कोठून सुरू करावी याविषयीं मतभेद आहेत. कोणी एखाद्या अलीकडच्या विजेत्यापासून सुरुवात करतात. आम्हांस मात्र पहिल्या सामन्यापासून केलेली सुरुवात अधिक पटते, कारण तींत कोणाच्याही मताची भेसळ नाहीं. तो पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी प्रांतांतील न्यू ब्रन्स्विक गांवीं रट्गर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाला. प्रत्येक बाजूस २५ गडी. चेंडू उचलून पळण्यास किंवा फेंकण्यास मनाई. सहा गोल जो आधीं करील तो विजयी. रट्गर्सच्या गड्यांनीं आपली ओळख पटावी म्हणून डोक्यास तांबडीं फडकीं पागोट्यासारखीं गुंडाळलीं होतीं, हें वाचून आमच्या वाचकांस मौज वाटेल. तो सामना रट्गर्सनें ६–४ असा जिंकला. सातच दिवसांनीं प्रिन्स्टनच्या मैदानावर परतीचा सामना झाला. त्यांत प्रिन्स्टननें एकही गोल होऊं न देतां आठ गोल केले. म्हणजे रट्गर्सचें राज्य उणेंपुरें आठवडाभर चाललें ! त्यानंतर प्रिन्स्टनला पुन्हां हरविण्यास रट्गर्सला ६९ वर्षें लागलीं. १९३८ सालीं रट्गर्सच्या नव्या क्रीडांगणाच्या उद्घाटनाच्या सामन्यांत २०–१८ असा तो विजय मिळाला. पहिल्या सामन्याच्या वेळीं जे विशींतले तरुण होते, ते तोंपर्यंत हयात असते तर नव्वदीच्या घरांत असते.

अशा मानाचा गुण आम्हांस कोणता दिसतो, तर तो धारण करणाऱ्यास घरीं बसून राखतां येत नाहीं. मतें मिळविलेला संघ वर्षभर आपल्या कीर्तीवर निजूं शकतो. हा मान ज्याच्याकडे आहे त्यास मात्र मैदानांत पाऊल टाकतांच तो पणास लावावा लागतो, मग समोरचा संघ कितीही लहान असो. मोठीं विद्यापीठें हंगामाच्या आरंभीं लहान कॉलेजांस पैसे देऊन आपल्या घरीं खेळावयास बोलावतात, आणि विजय जणूं विकत घेतात. २००७ च्या १ सप्टेंबरला देशांत पांचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगन विद्यापीठानें ॲपलॅचियन स्टेट या खालच्या दर्जांतील संघास असेंच बोलाविलें, आणि तो पाहुणा ३४–३२ असा जिंकून घरीं गेला. मतदानाच्या पद्धतींत मिशिगन पहिल्या पंचवीस संघांच्या यादींतून बाहेर पडलें, इतकेंच. मान जर त्या दिवशीं मिशिगनकडे असता, तर तो त्या लहान कॉलेजाच्या गाडींत बसून डोंगरांतल्या गांवीं गेला असता, आणि पुढल्या सामन्यास त्या गांवांत पाय ठेवावयास जागा उरली नसती.

दोषही आहेतच, व ते आम्ही लपवीत नाहीं. मान कोणाकडे जाईल यांत दैवाचा भाग मोठा. सामने कित्येक वर्षें आधीं ठरतात, तेव्हां खरा बलवान्‌ संघ मानकऱ्याच्या वाऱ्यासही उभा राहिला नसेल असें सहज घडतें. मानकऱ्यानें खेळच सोडला तर काय करावयाचें ? ही शंका पोकळ नव्हे. शिकागो विद्यापीठ एके काळीं या खेळांत पुढारलेलें होतें, आणि १९३९ सालीं त्यानें आपला संघच मोडून टाकला. परंतु हे दोष आम्हांस क्षुल्लक वाटतात. खरा दोष निराळाच आहे, आणि त्याचा उच्चार या वह्या ठेवणाऱ्यांकडून फारसा होत नाहीं.

“जो जिंकील त्याचा मान” असें म्हणतांना, जिंकावयास कोणाला उभें राहूं दिलें होतें हें विचारलें पाहिजे. मुष्टियुद्धांत सलिव्हननें कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशीं लढण्याचें उघड नाकारलें होतें, हें प्रसिद्ध आहे. कॉलेजांतही तोच प्रकार. ज्या रट्गर्सपासून ही वही सुरू होते, त्याच रट्गर्समध्यें पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. हाच पुढें गायक व नट म्हणून जगभर गाजला. १९१७ व १९१८ सालीं देशांतील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादींत त्याचें नांव घातलें गेलें, इतका तो तयारीचा गडी. परंतु १९१६ सालीं कॉलेजाच्या दीडशाव्या वर्षाचा उत्सव चालू असतां व्हर्जिनियाहून वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजाचा संघ आला, आणि समोर काळा गडी असेल तर आपण खेळणार नाहीं असें त्यानें कळविलें. रट्गर्सनें पाहुण्यांचें ऐकलें. रोबसन त्या दिवशीं बांकावर बसून राहिला. जो अन्याय झाला तो घरच्या लोकांच्या संमतीनें झाला, हें आम्हांस त्यांत विशेष बोंचतें.

दक्षिणेंत तर कृष्णवर्णीयांचीं कॉलेजेंच निराळीं होतीं, आणि गोऱ्यांचे संघ त्यांच्याशीं खेळतच नसत. १९६४ सालीं ज्या अलाबामास मतें मिळालीं, त्या संघांत एकही कृष्णवर्णीय गडी नव्हता. १९७० च्या १२ सप्टेंबरला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र वर्णांच्या संघानें बर्मिंगहॅम येथें येऊन त्यास ४२–२१ असें हरविलें, तेव्हां कोठें तेथील लोकांच्या डोळ्यांत अंजन पडूं लागलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, २९ नोव्हेंबर १९६९ रोजीं, टँपा शहरीं जेक गेदर या प्रशिक्षकाच्या हाताखालील फ्लॉरिडा ए. अँड एम. या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठानें टँपा विद्यापीठास ३४–२८ असें जिंकलें. दक्षिणेंत या दोन प्रकारच्या विद्यापीठांत झालेला तो पहिलाच सामना होय. वाचकांनीं तारखा ताडून पाहाव्या. रट्गर्स–प्रिन्स्टनच्या पहिल्या सामन्यास तेव्हां शंभर वर्षें पुरीं होऊन तेवीस दिवस लोटले होते. शंभर वर्षें एक मान हातोहात फिरत होता, आणि कित्येकांस त्याच्या जवळपासही फिरकूं दिलें जात नव्हतें.

म्हणून आमचें मत असें आहे. वर्षाचा अजिंक्य निवडण्याच्या कामीं ही जुनी युक्ति निरुपयोगी आहे. तें काम सामन्यांनींच व्हावें, आणि बारा संघांस संधि मिळूं लागली हें चांगलें झालें. परंतु स्मृतीची वही म्हणून ही परंपरा जरूर ठेवावी. मतांची मोजदाद दहा वर्षांनीं कोणी वाचीत नाहीं. अमक्या दिवशीं अमक्या मैदानावर मान अमक्याच्या हातीं गेला, हें मुलेंही आवडीनें वाचतील. मात्र ती वही आमच्या हातीं आली तर आम्ही तींत आणखी एक पान १८९२ च्या २७ डिसेंबरपासून सुरू करूं. त्या दिवशीं नॉर्थ कॅरोलायनांतील सॅलिसबरी गांवीं बिडल व लिव्हिंग्स्टन या कॉलेजांत कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधला पहिला सामना झाला. दोन्ही कॉलेजें ख्रिस्ती मंडळ्यांनीं चालविलेलीं व गरीब. लिव्हिंग्स्टनच्या गड्यांचे पोषाख कॉलेजांतच शिवले होते. मैदानावर बर्फ पडून सीमारेषा झांकून गेली होती, त्यामुळें लिव्हिंग्स्टनचा एक गडी चेंडू घेऊन धांवला तो रेषेच्या आंत होता कीं बाहेर, यावर वाद माजला. पंचानें निकाल बिडलच्या बाजूनें दिला, आणि सामना बिडलनें जिंकला. त्या पानावर पहिलें नांव आम्ही बिडलचें लिहूं, आणि शेजारीं समासांत बर्फाचा उल्लेख करूं.