एक तास दोघांचा



आपल्या वस्तीतला माणूस नोकरीवरून रिटायर होतो तेव्हा हारतुरे होतात, पेढे वाटले जातात, साहेब लोक दोन शब्द बोलतात. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको नवे लुगडे नेसून बसलेली असते. तिलाही एक नारळ मिळतो. दुसऱ्या दिवशी नवरा ऊन अंगावर येईपर्यंत झोपतो आणि ती नेहमीप्रमाणे पहाटे उठून चहाचे आधण ठेवते. मग ही बाई रिटायर कधी होणार? तिच्या रिटायरमेंटची तारीख कोणत्या कागदावर लिहिलेली आहे?

हा प्रश्न मनात आला तो नागऱ्यात. नागरा हे गोंदियाजवळचे, बालाघाट रस्त्यावरचे गाव. जुन्या दगडी शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेले. गावाबाहेर पडले की धानाच्या बांध्या. तिथे आमचे दूरच्या नात्यातले मामाजी आणि मामी राहतात. दोघेही रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. एवढीच गोष्ट आहे. पण ही एवढीशी गोष्ट आपल्या घरांत किती अवघड आहे, ते त्यांच्याकडून ऐकण्यासारखे आहे.

मामाजी रेल्वेत कीमन होते. हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतल्या रुळाने रोज पायी जायचे, एकेक चावी, एकेक बोल्ट बघायचा, सैल असेल तो ठोकायचा. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. ऊन असो, पाऊस असो, यात खंड नाही. या माणसाचा सारा जन्म चालण्यात गेला.

मामीचा जन्म गेला बसण्यात. सूप मांडीवर, मान खाली, पाय दुमडलेले. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने कापायची, जर्दा भरून वळायची, तोंड मोडायचे, धागा बांधायचा. हजार बिड्या भरता भरता दिवस मावळायचा. त्यातून सट्टेदार छाट काढायचा ते वेगळेच. पावसाळ्यात रोवणीला दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून उभे राहायचे. साठीला पोचता पोचता गुडघे धरले आणि रक्तात साखर निघाली. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला, रोज चालत जा.

मामाजी म्हणाले, "चाल, उद्यापासून जाऊ." मामीने विचारले, "कोठी जाचं हाये?"

भगिनींनो, या प्रश्नावर थोडे थांबा. आपल्या बाया काही कमी चाललेल्या नाहीत. पाण्याला चालल्या, सरपणाला चालल्या, तेंदूपत्ता तोडायला, मोहफुले वेचायला, बाजाराला चालल्या. पण प्रत्येक वेळी डोक्यावर किंवा कमरेवर काहीतरी होते आणि पुढे काहीतरी काम होते. कामाशिवाय, ओझ्याशिवाय, केवळ आपल्या जिवासाठी बाईने रस्त्याला लागायचे, ही गोष्टच आपल्या घरांना माहीत नाही.

मामी सांगते, "पहिले पहिले लाजच वाटे. डोक्यावर काही नाही, तं हात कोठी ठेवाव तेच समजे नाही." म्हणून सुरुवातीचे काही दिवस ती हातात रिकामी पिशवी घेऊन निघायची. कोणी विचारलेच, तर दुकानात चालले असे सांगता यावे! आयुष्यभर राबलेल्या बाईला दोन घटका मोकळे चालायचे, तर त्यासाठीही खोटे कारण लागावे, यापेक्षा वाईट गोष्ट कोणती?

दुसरी अडचण मामाजींची होती. स्लीपरवरून टाकायची लांब टांग त्यांच्या पायात भिनलेली. ते पुढे निघून जायचे आणि मामी वीस-पंचवीस पावले मागे राहायची. ते थांबायचे, ती जवळ आली की पुन्हा निघायचे. म्हणजे ते थांबून विसावा घ्यायचे आणि तिला विसावा कधीच नाही. एक दिवस ती धुऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुमी जा जी. मी आपली घरी जातो." मामाजींना त्या दिवशी उमगले. ते आम्हाला म्हणाले, "आता मांगून कोनती गाडी येत होती? तरी मी पयतच होतो." त्या दिवसापासून ते तिच्या बाजूने, अर्धे पाऊल मागे चालतात. वेग मामीचा. ती थांबली की दोघे थांबतात. नवरा पुढे आणि बायको मागे ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल त्या पांदणीवर अशी मोडली.

गावाने नावे ठेवलीच. "म्हातारपनी हौस आली" असे कोणी म्हणाले. बरोबरीचे लोक हसले. पण त्याहून जास्त हसे झाले ते दुसऱ्याच कारणाने. घरातली सून कामावर जाते. सासू सकाळचा तास बाहेर काढणार, तर तो तास सुनेच्या अंगावर पडणार. सुनेने तोंडाने काही म्हटले नाही, पण भांडी जोरात वाजू लागली. तेव्हा मामाजी पहाटे उठून स्वतः पाणी भरू लागले, अंगण झाडू लागले. मुलगा आपला डबा आपण भरू लागला. रिटायर झालेला रेल्वेचा माणूस हातात खराटा घेऊन अंगणात उभा, हे पाहायला शेजारचे पोरगेसुद्धा थांबले. मामाजींनी कोणाकडे पाहिले नाही. आज तीन वर्षे झाली, आता कोणी हसत नाही.

या गोष्टीतले मर्म इथे आहे. आईला फिरायला पाठवायचे आणि तिचे काम सुनेच्या माथी मारायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत. एका बाईचा विसावा दुसऱ्या बाईच्या घामातून काढायचा नसतो. तो पुरुषांच्या वाटणीतून आला पाहिजे. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारस पक्षी दिसतात. महाराष्ट्रात आज हा पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. सारसाची जोडी एकदा जमली की सहसा सुटत नाही, एवढे आपण कौतुकाने सांगतो. पण अंडी उबवायला नर आणि मादी दोघेही आळीपाळीने बसतात, हे सांगायचे मात्र विसरतो.

चालण्याचा फायदा काय, तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे मोठ्या माणसांनी, त्यांत ६५ वर्षांच्या पुढचेही आले, आठवड्याला किमान १५० मिनिटे अंग हलवावे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे. भरभर म्हणजे किती? चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये इतके. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिले तर तो आणखी आखडतो. बेताने चालले तर सांध्याभोवतीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्यावरचा भार हलका होतो. पण साखरेच्या रोग्याने अनवाणी जाऊ नये. पायाला जखम झाली तर कळत नाही आणि ती चिघळते. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखले, दम कोंडला, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. चैत्र-वैशाखात आपल्याकडचे ऊन माणसाला मारते. तेव्हा सूर्य वर येण्याआधी घरी परत यावे. मोठ्या रस्त्याला ट्रक फार. तिथे चालायची वेळ आलीच, तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या बाजूने चालावे आणि अंधारात पांढरे कपडे घालावेत. मामाजी-मामी मोठ्या रस्त्याला जातच नाहीत, पांदण धरतात.

पावसाळ्यात पांदणीत चिखल होतो. तेव्हा ती दोघे विहाराच्या ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतात. कोणाला हे चमत्कारिक वाटेल. पण याला आपल्याकडे जुने नाव आहे, चंक्रमण. पाली भाषेत चंकम. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्टाची ताकद येते, रोगराई कमी होते, खाल्लेले अन्न पचते आणि चालता चालता साधलेली मनाची एकाग्रता जास्त काळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला चंक्रमणाचा ओटा आजही दाखवतात. त्यावर कमळे कोरलेली आहेत. म्हणजे चालणे हा साहेबलोकांचा शौक नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ते भिक्खूंच्या दिनचर्येत होते.

हाच धम्म पुढे पायी चालणाऱ्या भिक्खूंनी चीनपर्यंत नेला आणि तिकडचा ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतभर हिंडून ग्रंथ घेऊन परत गेला. आज चीनमधल्या लहान लहान शहरांत सकाळी आणि संध्याकाळी जेवणानंतर म्हातारी जोडपी बागेत, नदीकाठी फिरताना दिसतात. जेवल्यावर शंभर पावले चाला आणि नव्व्याण्णव वर्षे जगा, अशा अर्थाची म्हण त्यांच्यात आहे. आपण तिला शतपावली म्हणतो. दोन देशांतल्या माणसांनी पावले मोजली तीही शंभरच! फरक आहे तो दुसऱ्या बाबतीत. तिकडे कारखान्यात काम करणाऱ्या बाईचे निवृत्तीचे वय बरीच वर्षे ५० होते. २०२५ पासून ते हळूहळू वाढवत ५५ वर नेले जात आहे. कमी असो, जास्त असो, तिला एक वय ठरवून दिलेले आहे. घरी बसून बिड्या वळणाऱ्या आपल्या माउलीला ते कोणी ठरवून दिले?

विसाव्याचा हक्क म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. कामगाराला स्वतःसाठी वेळ मिळाला. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. घराचा उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत तो आलाच नाही. तिथे तो आपणच नेला पाहिजे. त्यासाठी सरकार यायचे नाही.

एक गोष्ट मात्र सरकारदरबारी जाऊन पाहण्यासारखी आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा बिडी कामगारांनाही लागू आहे. १९९५ च्या पेन्शन योजनेखाली दहा वर्षांची नोकरी भरली असेल, तर ५८ व्या वर्षी पेन्शन मिळू शकते. ज्या भगिनींनी कार्डावर काम केले त्यांनी आपले कार्ड शोधून काढावे. त्यावर नाव कोणाचे आहे, किती वर्षांची नोंद आहे, हे शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे. अनेक घरांत वळणारे हात चार आणि कार्डावर नाव एकाचेच असते. ते नाव सासऱ्याचे की नवऱ्याचे, हेही बाईला ठाऊक नसते.

आणि तरुण मुलांना एक सांगणे. तुम्ही पुण्या-नागपुरात कामाला आहात, महिन्याला पैसे पाठवता, चांगले करता. पण पुढच्या वेळी घरी याल तेव्हा आईसाठी साडीबरोबर पायात बसणारी चांगली मऊ चप्पल आणा. वडिलांना एकांतात सांगा की पहाटेचे पाणी तुम्ही भरा. वस्तीतल्या मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून विहारापासून पांदणीपर्यंत दोन बाक आणि एक दिवा केला, तर गुडघे धरलेल्या किती तरी माउल्या घराबाहेर पडतील. ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यायला तर काहीच खर्च नाही.

मामी आता पिशवी नेत नाही. कोणी विचारले, "कोठी निघाले जी दोघं?" तर ती सरळ सांगते, "कोठी नाही, फिराले." वाचक भगिनींनो, हे दोन शब्द मान वर करून म्हणायला तिला साठ वर्षे लागली. तुमच्या मुलीला तितकी लागू देऊ नका.

जय भीम!