परळच्या मातीखालचा इतिहास

गेल्या काही वर्षांत इमारतींच्या जाहिरातींतून एक नवेच गाव मुंबईच्या नकाशावर अवतरले. त्याचे नाव ‘अप्पर वरळी’. ना या नावाचे टपाल कार्यालय, ना रेल्वे स्थानक. परंतु ‘लोअर’ हा शब्द कोट्यवधींच्या सदनिका घेणाऱ्यांना कमीपणाचा वाटतो, असे विक्रेत्यांना वाटले आणि त्यांनी लोअर परळचे परस्पर बारसे करून टाकले. यावर हसून सोडून देता येईल. परंतु असे बारसे करण्याचे धाडस होते कुणाच्या गावाचे? ज्या गावाला स्वतःची ओळख सांगता येत नाही, त्याचे! प्रश्न जाहिरातदारांच्या उद्दामपणाचा जेवढा आहे, त्याहून अधिक तो आपल्या विस्मरणाचा आहे.

लोअर परळचा इतिहास विचारला, की सामान्यतः एक ठरावीक उत्तर मिळते. येथे गिरण्या आल्या, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप झाला, गिरण्या बंद पडल्या आणि टॉवर उभे राहिले. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल आला, कमला मिलमध्ये कार्यालये व उपाहारगृहे आली, ज्युपिटर गिरणीच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. हे सारे खरेच आहे. परंतु ही एका मोठ्या ग्रंथाची शेवटची काही पाने झाली. त्याआधीच्या पानांचे काय?

आधी या नावातील ‘लोअर’चा अर्थ पाहू. तो प्रतिष्ठेने खालचा असा नसून जमिनीने सखल असा आहे. वरळीच्या खाडीमुखातून भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या या सखल भागात शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घालून ते मुख बुजवण्यात आले आणि हळूहळू ही जमीन वापरात आली. बांध पुनःपुन्हा ढासळत असता रामजी शिवजी प्रभू यांना दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या गेल्या आणि मग बांध टिकला, ही महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका याच बांधाशी जोडलेली आहे. ही माहिती केवळ कुतूहलापुरती नाही. परळच्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी का तुंबते, याचे मूळ कारण या भूगोलात आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की जमीन आपला जुना स्वभाव दाखवते. भूखंडाला नवे नाव दिल्याने त्याची उंची वाढत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १९३१ साली परळमध्ये रस्त्याचे काम चालू असताना एक भव्य शिल्प सापडले. तीन-साडेतीन मीटर उंचीच्या एका अखंड शिळेवर एकातून एक उमलत जाणाऱ्या शिवाच्या सात आकृती आणि पायथ्याशी वाद्ये घेतलेले गण. अभ्यासक त्याचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. घारापुरीच्या लेण्यांच्या तोडीचे हे शिल्प आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे. घारापुरीला नावेने जाणाऱ्यांपैकी किती जण परळच्या या शिवाला पाहायला जातात? पर्यटकांचे सोडा, त्या रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्या किती मुंबईकरांना त्याचा पत्ता सांगता येईल?

दुसरा पुरावा आपल्या भाषेचा आहे. शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा बाराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख परळला सापडला. लेख संस्कृतात आहे. पण शेवटी हे शासन मोडणाऱ्याला दिलेला शाप मात्र मराठीत आहे आणि त्यात वैद्यनाथ देवाचा उल्लेख आहे. दानाची भाषा पंडितांची आणि धाक मात्र लोकांच्या बोलीत! ज्याला समजावे, त्याच्याच भाषेत सांगितले. परळ हे नाव परळी वैजनाथावरून आले, असे एक मत आहे. पाडळ वृक्षावरून आले, असे दुसरे. वाद पंडितांनी सोडवावा. आपण एवढे निश्चित म्हणू शकतो, की सुमारे सव्वाआठशे वर्षांपूर्वी परळच्या भूमीवर मराठी दगडात कोरली जात होती. ‘इंग्रजांनी मुंबई वसवली, त्याआधी येथे काय होते?’ असे विचारणाऱ्यांना हा एकच दगड पुरे आहे.

गिरण्यांच्या काळाकडे येतानाही आपली स्मृती संपापाशीच अडकते. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला स्थापन केली. पुढच्या तीस वर्षांत येथे कामगारांचा केवढा समाज उभा राहिला, हे एका घटनेवरून कळते. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. आज त्याच परिसरातील वातानुकूलित कार्यालयांत आठवडाभर राबून रविवारची वाट पाहणाऱ्या तरुणांना हे नाव कुणी सांगितले आहे काय?

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस! लष्कराच्या गोळ्यांना कामगार बळी पडले. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले गेले, त्यांची ही राजकीय समज होती. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली प्राण देणारा बाबू गेनू हाही गिरणी कामगारच होता. स्वातंत्र्यलढ्याचा हा भाग आपण पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत उरकतो आणि तो जेथल्या माणसांनी घडवला, त्या वस्तीत त्याविषयी मौन असते.

हा इतिहास सांगायचा तर तो पूर्ण सांगावा लागेल. गिरणगाव म्हणजे केवळ भजनी मंडळे, दहीहंडी आणि लालबागची गर्दी नव्हे. कोकणातला, घाटावरचा आणि तेलुगू पद्मशाली समाजातला कामगार येथे एका भोंग्यावर जागा होत असे. परंतु याच गिरण्यांच्या विणाई खात्यात दलित कामगारांना प्रवेश नसे, कारण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आणला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले होते. अभिमानाची पाने तेवढी वाचायची आणि लाजेची चिकटवून ठेवायची, असा इतिहास समाजाला बळ देत नाही. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी तर हे पान आधी उघडले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, ‘स्थानकांची नावे बदलतो आहोत की!’ एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले ते २०१८ साली. करी रोडला लालबाग म्हणावे, या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु पाटी बदलणे हे काम एका दिवसाचे, तर पाटीमागची कथा पुढच्या पिढीत रुजवणे हे अनेक वर्षांचे. गोष्ट नसलेले नाव पुढे कुणीही बदलू शकतो, हे ‘अप्पर वरळी’ने दाखवलेच आहे.

आणि हाताशी वेळ थोडा आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ बीडीडी चाळी पुनर्विकासात जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा त्या रहिवाशांचा हक्क निर्विवाद आहे. चाळ टिकावी म्हणून त्यांनी गैरसोय सोसावी, असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. मात्र घर बदलताना माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होतात. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, मंडळाचा जुना अहवाल, गावाकडच्या मनीऑर्डरच्या पावत्या, हे सारे रद्दीत जाते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आखली गेली आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळली. सरकारच्या गतीने रद्दीवाला थांबत नाही.

म्हणून हे काम समाजानेच हाती घेतले पाहिजे. आपल्याला ही परंपरा नवी नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, ते कुणाच्या अनुदानावर नव्हे. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. अलीकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून २००४ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. विचारसरणी कोणतीही असो, केलेल्या कष्टांचे श्रेय दिलेच पाहिजे. जे इतरांनी केले, ते गल्लोगल्ली करण्याइतके मनुष्यबळ आपल्या गणेशोत्सव मंडळांपाशी आहे. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ साली झाली, ती हक्काच्या बाजारपेठेसाठी कोळी आणि विक्रेत्यांनी केलेल्या नवसातून. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकाला ही कथा रांगेतच वाचायला मिळाली, तर त्याचे दर्शन अधिक अर्थपूर्ण होणार नाही काय?

प्रत्येक मंडळाने यंदाच्या खर्चातील लहानसा वाटा आपल्या गल्लीच्या इतिहासासाठी काढावा. महाविद्यालयीन मुलांनी पाच-पाच वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. शाळांनी सहल दूर नेण्याआधी मुलांना बारादेवीच्या शिवासमोर उभे करावे. वाचनालयांनी जुने कागद स्वीकारून त्यांच्या प्रती जपाव्यात. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी. आपल्या गावाचे नाव दुसऱ्या कुणी ठेवू नये असे वाटत असेल, तर गावाची गोष्ट आपल्याला आधी सांगता आली पाहिजे.