आधी थायमिन

रोज दारू पिणारा माणूस चालताना झोकांड्या देतो, त्याचे डोळे स्थिर राहत नाहीत, वेळकाळाचं भान सुटतं. घरचे म्हणतात, ‘अजून उतरली नाही.’ दवाखान्यात नेलं, की अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली चढते. इथेच घात होऊ शकतो. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला मेंदूला थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व लागतं. शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं.

थायमिनअभावी होणाऱ्या मेंदूच्या या विकाराचं वर्णन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये केलं. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी होती एक तरुणी. सल्फ्युरिक ॲसिड प्यायल्यानंतर तिला सतत उलट्या होत होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात, सिंगापूरमध्ये जपान्यांच्या कैदेत पॉलिश केलेल्या तांदळावर दिवस काढणाऱ्या सैनिकांमध्ये डॉक्टरांनी असे ५२ रुग्ण नोंदवले. तिथे दारू कुठली? तरीही ‘दारुड्यांचा आजार’ हा शिक्का आजही पुसला जात नाही, आणि त्यापायी इतर रुग्णांकडे दुर्लक्ष होतं.

डोळे, तोल आणि भान या तिन्हींतला बिघाड एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात. एमआरआयही निर्दोष येऊ शकतो. म्हणून खात्री पटेपर्यंत थांबणं चूक आहे. संशय आला की थायमिन शिरेतून द्यायला हवं. गोळीवर भागत नाही, कारण मद्यपीचं आतडं ती धड शोषत नाही. ब्रिटनमध्ये अशा रुग्णाला ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा देण्याची शिफारस आहे. सलाईनमध्ये सोडलेल्या पिवळ्या बी-कॉम्प्लेक्समध्ये थायमिन किती, हे आपल्याकडे किती जण पाहतात? वेळेवर उपचार झाले तर डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारू लागते. उशीर झाला तर कोर्साकॉफचा स्मृतिभ्रंश जडतो, आणि मग कर्ता माणूस सकाळचं दुपारी विसरतो. औषध महाग नाही, त्यामुळे ही हयगय अक्षम्य आहे.

गरोदरपणात आठवडेच्या आठवडे अन्न न टिकणाऱ्या बाईलाही हाच धोका असतो. तिला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन दिलं का, हे घरच्यांनी डॉक्टरांना बेधडक विचारावं.